दुमडीतलं वजन

फोन वाजला तेव्हा ती पडद्यावर बसली होती. जमिनीवर पसरलेलं निळसर कापड, त्याच्या काठाशी एक पाय दुमडून ती, तोंडात टाचण्या, हातात कात्री. पडदे शिवणाऱ्या माणसाचं टेबल म्हणजे जमीन; एवढं लांब कापड दुसरीकडे मावतं कुठे? तरुणपणापासून ती अशीच जमिनीवर बसत आली होती आणि उठत आली होती, आणि उठायचं कसं याचा विचार करायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. फोन फडताळावर होता, चार पावलांवर. लेकीचा. संध्याकाळच्या या वेळेला दुसरं कोण करणार? तिने टाचण्या उशीत खोचल्या, कात्री बाजूला ठेवली, उजवा पाय जमिनीवर रोवला आणि उठली. म्हणजे, आपण उठलो असं तिला वाटलं. प्रत्यक्षात ती होती तिथेच होती. दुखलं नाही, खुपलं नाही, काही मोडलं नाही. नुसतं झालंच नाही. अगं बाई, असं तिने मनात म्हटलं आणि पुन्हा जोर लावला. मांडीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, हाक मारली तरी पेपरातून डोकं वर न काढणाऱ्या माणसासारखं. फोन वाजत राहिला आणि मग थांबला, आणि थांबल्यावर खोली फार शांत झाली.

मग ती रांगत निघाली. चौसष्ट वर्षांची बाई, स्वतःच्या घरात, निळ्या कापडाला सुरकुती पडू नये म्हणून कडेकडेने रांगत. शिवणयंत्राच्या टेबलाखाली पोचल्यावर तिने वर पाहिलं तर फळीच्या खालच्या अंगाला पेन्सिलीने काढलेलं घर, त्याच्या छपरावर घराएवढीच कोंबडी. लेकीने काढलेली. केव्हा? पाच-सहा वर्षांची असेल. ती वर मशीन चालवायची आणि पोर खाली पायाशी बसून असलं काहीतरी करत राहायची. इतकी वर्षं ही कोंबडी इथे बसून आहे आणि आपल्याला पत्ता नाही, या गोष्टीचं तिला इतकं हसू आलं, की आपण अडकून पडलोय हे ती क्षणभर विसरली. मग टेबलाचा पाय धरून, फळी धरून, चाकाला लोंबकळून ती एकदाची उभी राहिली. मशीन कुरकुरलं. फोन पुन्हा वाजला.

"कुठे होतीस? दोनदा लावला मी!"

"अगं बाथरूममध्ये होते."

"आवाज असा का येतोय तुझा? धापा टाकतेयस."

"धावत आले ना तुझ्यासाठी," ती म्हणाली. आयुष्यात इतकं सफाईदार खोटं ती पहिल्यांदाच बोलली असेल.

खोटं बोलायला कारण होतं. गेल्या हिवाळ्यात ती न्हाणीघरात घसरून पडली होती आणि मनगट प्लास्टरमध्ये गेलं होतं. तेव्हा लेक धावत आली, महिनाभर राहिली आणि जाताना उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "पुन्हा एकदा पडलीस ना आई, तर मी काही ऐकून घेणार नाही. सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं. कबूल?" ती कबूल म्हणाली. हात गळ्यात बांधलेला असला की माणूस काहीही कबूल करतो. लेकीचं घर चांगलं होतं, जावई लाख माणूस, खोली रिकामी, खिडकीतून झाडं दिसतात. पण तिथे पायाखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गालिचा होता. गालिच्यावर कापड कापता येत नाही. तिथे मशीनला जागा नव्हती, आणि त्या शहरात तिला कुणी 'पडदेवाल्या बाई' म्हणून ओळखत नव्हतं. तिथे ती फक्त कुणाची तरी आई झाली असती, चोवीस तास. ही कल्पना तिला नकोशी होती, आणि ती नकोशी आहे याची थोडी लाजही होती. त्या रात्री अंथरुणात ती स्वतःशीच वकिली करत राहिली. मी पडले का? नाही. पडणं वेगळं आणि उठता न येणं वेगळं. कबुली पडण्याची होती.

सकाळी ती चहा घेत बसली होती तेव्हा मास्तर आठवले. तसे ते रोजच आठवायचे, पण आज जरा कामासाठी आठवले. तिचा नवरा शाळेत व्यायाम शिकवायचा. शिकवायचा म्हणजे, मैदानाच्या कडेला झाडाच्या सावलीत शिट्टी घेऊन उभा राहायचा आणि पोरांना उन्हात पळवायचा. स्वतः त्याने लग्नानंतर एक जोर काढला असेल तर शपथ. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! घरातल्या घट्ट बरण्या तोच उघडायचा, तेव्हा शेजारणी म्हणायच्या, काय ताकद आहे हो तुमच्या मास्तरांची. आणि फक्त तिलाच माहीत होतं की तो स्वयंपाकघरात जाऊन चमच्याच्या मागच्या टोकाने झाकण उचकटायचा. पण बोलायला बसला की ऐकत राहावं. जेवताना हातातला चमचा शिट्टीसारखा फिरवत तो सांगायचा, "सामान लागतं कशाला? डंबेल्स नकोत, यंत्रं नकोत. शरीर हेच ओझं आणि शरीर हाच हमाल." ती म्हणायची, "अहो, मी दिवसभर मशीन मारते, तोच माझा व्यायाम." तो म्हणायचा, "मशीन वीज मारते. तू नुसती बसलेली असतेस." यावर ती रागवायची. आता तो जाऊन सहा वर्षं झाल्यावर, रिकाम्या खुर्चीकडे बघत तिने कप खाली ठेवला आणि मोठ्याने म्हणाली, "बरं सांगा मास्तर. काय करू?"

आणि मास्तर बोलले की हो. बाहेरून नाही, डोक्यातच. पण आवाज तोच, मैदानाच्या त्या टोकाला ऐकू जाणारा. खुर्चीवर बस. हात छातीशी. आता ऊठ. हात कुठे चालले? छातीशी! श्वास सोड, कोंडू नकोस, श्वास काय साठवायची वस्तू आहे? तिने खुर्चीवर दोन उशा ठेवल्या, कारण उंचावरून उठणं सोपं जातं, आणि उठली. बसली. उठली. सहाव्यांदा मांड्या थरथरायला लागल्या तेव्हा तिला त्यांचा राग आला नाही, उलट ओळख पटल्यासारखं झालं. मग भिंतीला तळवे लावून भिंत ढकलायची. भिंत काही हटत नाही, पण छातीत आणि दंडात काहीतरी जागं होतं. मग ओट्याचा काठ धरून तिरकं व्हायचं आणि परत यायचं. मग जुनी लोखंडी इस्त्री, थंड, दोन्ही हातांनी गुडघ्यापासून खांद्यापर्यंत. आणि शेवटी अस्तराच्या कापडाचा अख्खा तागा मिठीत घेऊन घरभर फिरायचं, या खोलीतून त्या खोलीत. ते करताना तिला फार खुळ्यासारखं वाटायचं. कुणी पाहिलं तर म्हणेल, म्हातारी कापडाबरोबर नाचतेय. तिने खिडकीचा पडदा ओढून घेतला. निदान पडद्यांची तरी या घरात वाण नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली आणि ओरडलीच. पायऱ्या उतरताना, संडासात बसताना, मोजे घालताना, उठता लाथ बसता बुक्की अशी गत. पण गंमत अशी की या दुखण्याची तिला भीती वाटेना. मनगटाचं दुखणं उपऱ्यासारखं होतं, कुठूनतरी येऊन बसलेलं. हे घरचं होतं. इथे आपल्याला मांडी आहे, इथे पोटरी आहे, पाठीत इथे, मशीनवर वाकून वाकून विसरलेल्या जागी, एक लांबलचक काहीतरी आहे, असं शरीर एकेका खोलीचा दिवा लावून दाखवत होतं. तिने कधी असा हिशेबच केला नव्हता. तिला वाटायचं, ताकद म्हणजे रिळावरचा दोरा; जन्माला येताना भरून मिळतो, शिवत जा, एक दिवस लाकूड दिसायला लागतं. त्या संध्याकाळी पडद्यावर बसल्यावर तिला लाकूडच दिसलं होतं. आणि आता हे काय, वापरला की उलट गुंडाळला जाणारा दोरा? आईने हे कधी सांगितलं नाही. आई पन्नाशीतच जी खुर्चीत बसली ती बसलीच. सगळे म्हणायचे, आता आराम करा, खूप केलंत. प्रेमानेच म्हणायचे. प्रेमाने माणसाला किती खाली बसवून ठेवता येतं, हे तिला भिंत ढकलताना पहिल्यांदा जाणवलं आणि तिने भिंतीला जरा जास्तच जोर लावला.

आठवड्या-दीड आठवड्याने एक उशी निघाली. मग दुसरी. मग खुर्ची जाऊन लेकीचं लहानपणचं स्टूल आलं, मग कापडाच्या नमुन्यांच्या जाडजूड वह्यांची चळत, आणि त्यातली एकेक वही काढत ती जमिनीच्या दिशेने चालली. मधल्या काळात कापणी मात्र ती जेवणाच्या टेबलावर करत होती, कापड दोन्ही बाजूंनी लोंबत, चोरी केल्यासारखी. मास्तर डोक्यात बसून होतेच. आता वजन वाढव, म्हणाले. वजन आणू कुठून? आणि मग तिचं लक्ष दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातल्या निळ्या पडद्यांसाठी आणलेल्या डब्याकडे गेलं. पडदा सरळ पडावा, वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्या खालच्या दुमडीत शिशाच्या चकत्या घालतात. दिसत नाहीत, पण पडद्याची सगळी अब्रू त्यांच्यावर असते. तिने आपला जाड कापडाचा घरातला गाऊन घेतला, खालची दुमड उसवली आणि चकत्या ओळीने आत घालून वरून टीप मारली. मनगटांसाठी दोन पट्टे शिवले, त्यात थोड्या. घालून उभी राहिली तर गाऊन असा सुळसुळीत सरळ पडला, की तिचं तिलाच कौतुक वाटलं. उद्या काढून ठेवू, असं म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने निळ्या पडद्याच्या दुमडीला नेहमीच्या हाताने टीप मारली, हात आपलं काम करत होते आणि लक्ष मांड्यांकडे होतं. पडदे घडी होऊन, कागदात बांधून दवाखान्यात गेले. चकत्या गाऊनमध्येच राहिल्या.

शनिवारी सकाळी दारावरची बेल वाजली आणि दारात लेक, हातात छोटी बॅग. "सरप्राइज!" म्हणाली, पण डोळे आईच्या खांद्यावरून घरभर फिरून आले. ती हसतमुख तपासणी होती. "तू फोनवर हल्ली धापा टाकतेस आई. रोज. मला नाही आवडत ते." असं म्हणून तिने मिठी मारली आणि पुढच्याच क्षणी "आई गं!" करून नडगी धरली. "तुझा गाऊन मारतो!"

"जाड कापड आहे."

"जाड? अगं यात काय आहे? धोंडे?"

उत्तर सुचायच्या आत फोन वाजला. दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या, आणि हसू दाबून बोलत होत्या हे ऐकू येत होतं. "मावशी, पडदे सुंदर झालेत. पण खिडकी उघडली की थेट पेशंटच्या तोंडात जातात हो. मघाशी एका काकांना मी म्हटलं आ करा, त्यांनी आ केला, आणि मी वळून बघते तर पडदा आत! चावलासुद्धा त्यांनी."

तिच्या अंगातून कळ गेली. एवढ्या वर्षांत तिच्या हातचा पडदा कधी उडाला नव्हता. ही चूक शिकाऊ पोरीचीसुद्धा व्हायची नाही. आणि झाली कशामुळे, तर स्वतःच्या अब्रूसाठी पडद्याची अब्रू काढून घेतली म्हणून. "आत्ता येते," ती म्हणाली. गाऊन उतरवला, कात्री घेतली आणि लेकीच्या डोळ्यांदेखत दुमड उसवायला लागली. चकत्या एकेक करून डब्यात पडू लागल्या, टण, टण.

"पडद्याच्या चकत्या गाऊनमध्ये कशाला?"

"उडतो."

"घरात?"

"तू येतेयस का डबा धरायला, की इथे बसून माझी उलटतपासणी घेणार?"

दवाखान्यात खुर्चीत तेच काका आडवे होते, तोंडात कापूस, वर मोठा दिवा. दुमड जमिनीलगत, म्हणजे काम जमिनीवर. पडदा उतरवायचा तर वेळ जाणार आणि बाहेर पेशंट खोळंबलेले. ती एका टोकाला खाली बसली. लेक दुसऱ्या टोकाला बसली आणि न विचारता सुईत दोरा ओवायला लागली. टेबलाखाली बसून तिने हे लहानपणीच शिकून घेतलं होतं. दोघी दोन्ही बाजूंनी चकत्या घालत, टाके घालत एकमेकींच्या दिशेने सरकू लागल्या. फरशी गार होती. औषधाचा वास, यंत्राची घूं घूं, डॉक्टरीणबाईंचं "झालं हं काका, झालं". आणि तिला जाणवलं की आता थोड्या वेळाने इथून उठायचं आहे. घरी अगदी जमिनीवरून ती उठली होती, कालच उठली होती, पण कधी जमायचं, कधी नाही. इथे धरायला काहीच नव्हतं. डावीकडे गुळगुळीत भिंत, उजवीकडे पडदा. पडदा धरला तर वरच्या दांड्यासकट खाली. मास्तर, कुठे आहात? मास्तर नेमके गप्प. सावलीत उभे असतील.

दोघींचे टाके मधोमध भेटले. लेकीचं डोकं तिच्या डोक्याजवळ आलं होतं, केसांत चार पांढरे दिसत होते. पोर पण थकत चालली, असं मनात आलं आणि एकाएकी तिला खोटं बोलण्याचा कंटाळा आला.

"ठकू," ती म्हणाली. हे नाव फक्त घरात, आणि तेही खास प्रसंगी. "त्या दिवशी दोनदा फोन लावलास ना? मी बाथरूममध्ये नव्हते. जमिनीवर होते. पडले नव्हते, पण मला उठताच येईना. रांगत गेले मशीनपर्यंत, ते धरून उठले."

लेकीची सुई थांबली. "आई!"

"थांब. ओरडू नकोस, काकांच्या तोंडात यंत्र आहे. तेव्हापासून रोज व्यायाम करतेय. बापाने सांगितलेला, जो त्याने स्वतः कधी केला नाही. धापा त्याच्या. चकत्या त्याच्यासाठीच. आता मी उठणार आहे. हात न लावता. जमलं तर मी माझ्या घरी. नाही जमलं तर तू म्हणशील तसं, संध्याकाळी सामान बांधू. बघ."

खुर्चीतल्या काकांनी मान किंचित वळवली. डॉक्टरीणबाईंनी यंत्र बंद केलं. त्या शांततेत तिने उजवा पाय रोवला. हात छातीशी. सोड श्वास, तिने स्वतःलाच सांगितलं, स्वतःच्या आवाजात. मांडी तापली, थरथरली, आणि अर्ध्या वाटेवर, न वर न खाली अशा जागी, सगळं थांबलं. गुडघा एकीकडे कलला. लेकीचा हात पुढे आला आणि तिने मानेनेच नाही म्हटलं. तिथे ती किती वेळ होती? फार नसेल. पण त्या जागी तिला टेबलाखालची कोंबडी आठवली, छपरावर तोऱ्यात बसलेली, आणि हसू फुटलं, आणि हसताना श्वास सुटला, आणि मांडीने हाक ऐकली. ती उभी राहिली. थोडी डुलली. पण उभी.

काकांनी कापसातून "आऽऽ" असा आवाज काढला आणि अंगठा वर केला. डॉक्टरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. खिडकीतून वारा आला आणि पडदा जागचा हलला नाही. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आली ती नुसती भूक.

"चल," ती लेकीला म्हणाली. लेक उठायला गेली. दिवसभर ऑफिसच्या खुर्चीत बसणारी, गाडीने जाणारी, लिफ्टने चढणारी लेक. एक पाय पुढे घेतला, कमरेवर हात ठेवला, फरशीवर दुसरा हात टेकला, "अगं आई गं" म्हणाली आणि परत खाली बसली. पुन्हा प्रयत्न केला. डोळे रुसलेल्या पोरीसारखे झाले. "पायाला मुंग्या आल्यात," ती म्हणाली.

"येतात," आई म्हणाली आणि हात पुढे केला. लेकीने तो धरला. चांगली भरलेली, जड पोर. लहानपणी काखेत घेऊन ती जिने चढायची, तेव्हापासून हे वजन तिने उचललं नव्हतं. तिने पाय घट्ट केले आणि ओढलं. लेक वर आली, आणि आईच्या दंडाला हात लावून, दाबून बघत तशीच उभी राहिली. "हे काय आहे?" म्हणाली.

"तेच ते. तुझ्याकडेही असेल, शोध."

परतताना लेक कोपऱ्यावर आल्यावर म्हणाली, "माझ्या गालिच्यावर काही कापता यायचं नाही ना तुला?" ती नाही म्हणाली. "मग राहा इथेच," लेक म्हणाली आणि आईचा हात काखेत घेतला. आधार द्यायला की घ्यायला, ते दोघींनी ठरवलं नाही. "पण तू एक लक्षात ठेव," आई म्हणाली, "पुन्हा एकदा असं जमिनीवरून उठता आलं नाही ना तुला, तर मी काही ऐकून घेणार नाही. सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं. कबूल?" लेक इतकी हसली की रस्त्यातले लोक वळून बघायला लागले.

लेक परत गेल्यावर पुढच्याच आठवड्यातली एक संध्याकाळ. लेकीच्या फोनची वेळ टळून गेली तेव्हा तिनेच लावला. वाजत राहिला. कुणी उचलेना. तिने ठेवला, जमिनीवरच्या नव्या पिवळ्या कापडाकडे पाहिलं, उगीच खडूने एक रेघ मारली, ती वाकडी आली, आणि काळजी म्हणजे काय असते हे तिला या बाजूने कळलं. पुन्हा लावला. बऱ्याच वेळाने तिकडून उचलला गेला, आणि आधी नुसत्या धापा ऐकू आल्या.

"कुठे होतीस गं? दोनदा लावला मी!"

"जमिनीवर," लेक म्हणाली. "उठत होते."